ऐकून घेतलेली हरकत : लिव्हरपूलच्या गोदीची कहाणी

२१ जुलै २०२१ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने गुप्त मतदानाने एक नाव आपल्या यादीतून पुसून टाकले. यजमानपद चीनमधील फुझोऊ शहराकडे होते, पण करोनाच्या साथीमुळे बैठक ऑनलाइन चालू होती. तेरा मते नाव वगळण्याच्या बाजूने पडली, पाच विरोधात. अशा निर्णयाला दोन तृतीयांश बहुमत लागते आणि ते मिळाले. पुसले गेलेले नाव होते इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील लिव्हरपूल या बंदराचे. त्याआधी यादीतून पूर्णपणे बाद झालेली स्थळे जगात दोनच होती : ओमानमधील अरबी हरणांचे अभयारण्य (२००७) आणि जर्मनीतील ड्रेस्डेनजवळचे एल्बे नदीचे खोरे (२००९).

मुंबईकर वाचकाला या बातमीत एक योगायोग सापडेल. लिव्हरपूल या यादीत आले ते २००४ साली, चीनमधीलच सुझोऊ येथील बैठकीत. त्याच बैठकीत मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसचेही नाव यादीत आले होते. एकाच दिंडीत दाखल झालेल्या दोन वारकऱ्यांपैकी एकाची माळ सतरा वर्षांनी उतरवली गेली. कारण काय, तर गोदीच्या जागेवर उभी राहू घातलेली घरे. त्यांना हरकत घेतली गेली नव्हती असे नाही. हरकत वेळेवर, सविस्तर आणि अधिकारी संस्थांकडून घेतली गेली होती. ती ऐकूनही घेतली गेली. तरीही तिचे काही झाले नाही. ते का झाले नाही, हे समजून घेण्यासारखे आहे.

कापसाचा धागा

लिव्हरपूल आणि मुंबई यांचे नाते या योगायोगापेक्षा बरेच जुने आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील राज्यांचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी राहिल्या. ही भूक भागवण्यासाठी मुंबईच्या बंदरातून कापसाच्या गासड्या लिव्हरपूलकडे धावू लागल्या. लिव्हरपूलच्या बाजारातला भाव बोटीने मुंबईत पोहोचला की त्यावर इथल्या पेढ्या तरत किंवा बुडत. याच तेजीत प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालय आणि मनोऱ्यासाठी देणगी दिली व आज ‘राजाबाई टॉवर’ म्हणून ओळखली जाणारी वास्तू त्यातून उभी राहिली. १८६५ साली युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि स्वतः प्रेमचंदही त्या लाटेत बुडाले. पण मनोरा राहिला. २०१८ साली मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंचा समूह जागतिक वारसा ठरला, त्या ९४ इमारतींत हा मनोराही आहे. लिव्हरपूलच्या गोदीत उतरलेल्या गासड्यांचे पैसे असे ओव्हल मैदानाच्या कडेला दगडात गोठून राहिले आहेत.

अर्थात, लिव्हरपूलचे वैभव केवळ कापसाचे नव्हते आणि ते निष्कलंक तर मुळीच नव्हते. अठराव्या शतकात आफ्रिकेतील सुमारे पंधरा लाख माणसे या बंदराच्या जहाजांतून गुलाम म्हणून अटलांटिकपार नेली गेली. पुढील शतकात युरोपातील लक्षावधी गरिबांनी नव्या जगाची वाट धरली तीही इथूनच. युनेस्कोने नोंद केली होती ती या साऱ्याची, म्हणजे ब्रिटनचा जगावरील प्रभाव शिखरावर असतानाच्या एका व्यापारी बंदराची. त्यामुळे येथील वारसा हा एखाद्या सुंदर इमारतीपुरता नव्हता. जहाज, पाणी, धक्का, गोदाम आणि बाजार यांची जी साखळी होती, तोच वारसा होता.

भिंतीआडचे पाणी

ही साखळी नेमकी कशी होती, हे कळल्याशिवाय टॉवरना हरकत का, हे कळत नाही. मर्सी नदीच्या मुखाशी भरती-ओहोटीतील फरक नऊ-दहा मीटरपर्यंत जातो. ओहोटीला जहाज चिखलात बसे, भरतीला धक्क्याच्या वर चढे. माल उतरवणे म्हणजे दिव्यच. त्यावर १७१५ साली उपाय निघाला : दरवाजे लावून पाणी आत कोंडून धरणारी गोदी. व्यापारी वापराची अशी ही जगातील पहिली बंदिस्त गोदी मानली जाते. पुढे तिला जोडून दुसरी, तिसरी अशा करत नदीच्या काठाने मैलोन् मैल गोद्यांची रांग तयार झाली.

या रांगेवर सर्वांत खोल ठसा उमटला तो जेसी हार्टली या अभियंत्याचा. १८२४ पासून १८६० साली मृत्यू येईपर्यंत तो या गोद्यांचा प्रमुख होता. ग्रॅनाइटचे अवाढव्य, वेडेवाकडे तुकडे एकमेकांत असे बसवायचे की सांधा दिसूच नये, ही त्याची खासियत. १८४६ साली उघडलेल्या अल्बर्ट डॉकमध्ये त्याने लाकूड जवळजवळ हद्दपार केले. बीड, वीट आणि दगड यांचीच गोदामे बांधली, कारण गोदामांना लागणाऱ्या आगी व्यापाऱ्यांचे दिवाळे काढीत. जहाज थेट गोदामाच्या पायाशी लागे आणि माल बाहेर रस्त्यावर न येता वर चढे. चोरी थांबवण्यासाठी साऱ्या गोद्यांभोवती उंच भिंत होती. तिच्या दारांचे भरभक्कम खांब आजही किल्ल्याच्या बुरुजांसारखे दिसतात. उत्तरेकडे सॅलिसबरी डॉकच्या तोंडाशी हार्टलीनेच १८४८ साली षट्कोनी घड्याळ-मनोरा बांधला. येणाऱ्या जहाजांनी वेळ पाहावी म्हणून.

या सगळ्याचे एक वैशिष्ट्य डोळ्यांत भरते. ते सारे आडवे आहे. पाणी आडवे, धक्के आडवे, गोदामे लांबलचक. उभे काय, तर जहाजांच्या डोलकाठ्या, घड्याळाचा मनोरा आणि दक्षिणेला पिअर हेडवर विसाव्या शतकाच्या प्रारंभी उभ्या राहिलेल्या तीन इमारती. त्यांपैकी रॉयल लिव्हर बिल्डिंग (१९११) हे शहराचे जणू बोधचिन्ह. नदीतून येणाऱ्याला ही तीन उंच डोकी आणि मागे पसरलेली सपाट गोदी दिसे. या उंच-सखल प्रमाणातूनच बंदराची सत्ता वाचता येत असे. कोणतीही वीट न काढताही हे वाचन बिघडवता येते, मागे पंचावन्न मजली टॉवर उभा केला की पुरे.

साठ हेक्टरांचा बेत

जहाजे मोठी झाली, कंटेनर आले आणि गोद्यांचे काम सरले. दक्षिणेकडील गोद्या १९७२ साली बंद पडल्या. उत्तरेकडील अनेक गोद्यांतही पाणी उरले, जहाजे उरली नाहीत. ही उत्तरेकडची जागा कालांतराने पील या विकासक समूहाच्या मालकीत आली आणि २०१०च्या ऑक्टोबरात समूहाने तेथे ‘लिव्हरपूल वॉटर्स’ नावाच्या प्रकल्पासाठी परवानगी मागितली. जागा सुमारे ६० हेक्टर, खर्चाचा अंदाज साडेपाच अब्ज पौंड, बांधणीचा कालावधी तीस वर्षे. त्यात सुमारे नऊ हजार सदनिका, कार्यालये, हॉटेले, पर्यटक जहाजांचा धक्का आणि टॉवरांचे दोन पुंजके. त्यांतील एकात ‘शांघाय टॉवर’ नावाची ५५ मजली इमारत. जागेचा काही भाग जागतिक वारशाच्या गाभ्यात होता, उरलेला त्याभोवतीच्या बफर क्षेत्रात.

हरकत घेणाऱ्यांत पहिली महत्त्वाची संस्था होती ‘इंग्लिश हेरिटेज’, म्हणजे या विषयावर सरकारला सल्ला देणारी अधिकृत संस्था. (२०१५ पासून हे काम ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ पाहते.) तिचे म्हणणे लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. येथे घरे नकोत, असे ती म्हणत नव्हती. टॉवरांची उंची, त्यांची घनता आणि दुसरा पुंजका यांमुळे गोद्यांचे आडवे रूप आणि पिअर हेडच्या इमारतींचे मोठेपण दोन्ही झाकोळून जाईल, एवढाच तिचा आक्षेप होता. वाटाघाटी झाल्या, आराखड्यात काही बदलही झाले, पण मुख्य मुद्द्यावर एकमत झाले नाही आणि तिने आपली हरकत कायम ठेवली. २०११च्या नोव्हेंबरात युनेस्को आणि ‘इकोमॉस’ या तज्ज्ञ परिषदेच्या संयुक्त पथकाने शहराला भेट दिली. प्रकल्प या स्वरूपात झाला तर स्थळाच्या असाधारण वैश्विक मूल्याची भरून न येणारी हानी होईल, असा पथकाचा निष्कर्ष होता.

६ मार्च २०१२ रोजी नगर परिषदेच्या नियोजन समितीने प्रकल्पाला मंजुरी दिली. त्याच वर्षी जूनमध्ये लिव्हरपूलचे नाव ‘धोक्यातील वारसा’ यादीत गेले. मार्च २०१३ मध्ये केंद्रीय मंत्र्यांनी प्रकरण आपल्याकडे घेऊन सार्वजनिक चौकशी करण्यास नकार दिला. अशा चौकशीचा आग्रह इंग्लिश हेरिटेजने धरला होता.

हरकतीचे वजन कशाने मोजतात?

इंग्लंडमध्ये बांधकामाचा अर्ज आला की तो जाहीर होतो, जागेवर किंवा शेजाऱ्यांना सूचना जाते आणि ठरावीक मुदतीत कोणीही, अगदी परगावचा माणूसही, आपले म्हणणे लिहून पाठवू शकतो. मात्र त्या म्हणण्याला नियोजनाचा आधार असावा लागतो. ‘माझ्या खिडकीतून नदी दिसणार नाही’ किंवा ‘माझ्या घराची किंमत उतरेल’ या तक्रारींना त्या कायद्यात वजन नाही. वाहतूक, गटारे, सावली, वारसा यांना आहे. हरकती हजारोंनी आल्या म्हणून अर्ज फेटाळला जात नाही. एकच नेमकी हरकत कधी शंभरांवर भारी पडते. सूचिबद्ध वास्तू आणि तिचा परिसर जपण्याकडे निर्णय घेताना विशेष लक्ष द्यावे, असे १९९०चा कायदा सांगतो. म्हणजे ‘परिसर’ हा शब्द तिथे भावनेचा नाही, कायद्याचा आहे.

पण लक्ष द्यावे म्हणजे मानावेच असे नाही. येथेच सारी मेख आहे. अधिकृत संस्थेची हरकतही निर्णय घेणाऱ्याला बांधून ठेवत नाही. तराजूच्या एका पारड्यात तिला ठेवायचे, दुसऱ्यात रोजगार, घरे, कर यांसारखे सार्वजनिक लाभ ठेवायचे आणि कोणते पारडे जड ते समितीने ठरवायचे. जागतिक वारसा या दर्जाला तर इंग्लंडच्या कायद्यात स्वतंत्र दंडशक्तीच नाही. तो विचारात घ्यायच्या बाबींपैकी एक. युनेस्कोला इमारत थांबवता येत नाही. तिला फक्त आपली पाटी परत मागता येते.

आणखी एक विषमता फारशी बोलली जात नाही. अर्ज नाकारला तर विकासकाला अपील करण्याचा हक्क आहे. अर्ज मंजूर झाला तर हरकतदाराला मात्र असे अपील नाही. निर्णयाच्या प्रक्रियेत कायदेशीर चूक झाली असेल तरच न्यायालयाचे दार. निर्णय शहाणपणाचा होता की नाही, हा प्रश्न न्यायालय सहसा ऐकत नाही. साहजिकच, हरकतदाराची एकच संधी असते आणि ती निर्णयाच्या आधी येते.

लिव्हरपूलमध्ये ती संधी २०१२ मध्येच संपली, कारण दिलेली परवानगी ही तत्त्वतः मंजुरी होती. अशा मंजुरीत इमारतींचे अंतिम रेखाटन नसते. किती बांधायचे, साधारण कुठे आणि किती उंच, एवढे मान्य होते. तपशील मागाहून टप्प्याटप्प्याने येतात. ऐकायला हे सावधपणाचे वाटते. प्रत्यक्षात मात्र त्यानंतर आलेल्या प्रत्येक हरकतीला एकच उत्तर मिळते : हे तत्त्व आधीच मान्य झालेले आहे. युनेस्कोने पुढील वर्षांत नव्या बांधकामांना स्थगिती मागितली, उंचीची मर्यादा मागितली. त्या साऱ्या पत्रव्यवहाराला शहराने उत्तरे दिली, बैठका घेतल्या, आराखडे बदलले. शांघाय टॉवर कालांतराने वगळण्यातही आला. पण मूळ मंजुरी कोणी मागे घेतली नाही. ती घेतली असती तर भरपाईचा प्रश्न उभा राहिला असता आणि ती देण्याच्या स्थितीत ते शहर नव्हते.

रिकाम्या गोदीचे मोल

शहर त्या स्थितीत का नव्हते, याकडे न पाहता लिव्हरपूलच्या नगरसेवकांना दोष देणे सोपे आहे. १९३१ साली या शहरात साडेआठ लाखांहून अधिक माणसे राहत. २००१ च्या जनगणनेत ती साडेचार लाखांच्याही आत आली होती. निम्मे शहर निघून गेले होते. १९८१ साली टॉक्स्टेथ भागात दंगली उसळल्यानंतर, लिव्हरपूलवर पैसा खर्च करण्याऐवजी त्याचा ‘नियंत्रित ऱ्हास’ होऊ द्यावा काय, असा विचार त्या वेळचे अर्थमंत्री जेफ्री हाऊ यांनी पंतप्रधान थॅचर यांच्यापुढे मांडला होता. ही कागदपत्रे तीस वर्षांनी, २०११च्या अखेरीस खुली झाली, म्हणजे नेमकी त्या वेळी, जेव्हा गोदीवरील प्रकल्पाचा निर्णय तोंडावर होता. ज्या शहराला आपल्याच सरकारने मरू द्यायचे म्हटले होते, त्याला कोणी तीस वर्षांच्या गुंतवणुकीचे स्वप्न दाखवले, तर दूर पॅरिसहून आलेले आक्षेपाचे पत्र त्याला कसे वाटेल? रोजगार हवा की भिंतीवरची पाटी, असा तो प्रश्न शहरात मांडला गेला आणि असा मांडल्यावर उत्तर ठरलेलेच होते.

मात्र तो प्रश्न खोटा होता, असे म्हणायला लिव्हरपूलमध्येच आधार आहे. अल्बर्ट डॉक १९५२ मध्येच सर्वोच्च श्रेणीत सूचिबद्ध झाला होता, तरी १९६०च्या दशकात तो पाडून तेथे उंच कार्यालयांची वसाहत उभारण्याचा बेत पुढे आला. तो बारगळला. पुढे १९८१ साली स्थापन झालेल्या विकास महामंडळाने गाळाने भरलेली गोदी साफ केली, गोदामे दुरुस्त केली आणि १९८८ साली ती खुली झाली. संग्रहालये, दुकाने, उपाहारगृहे आणि हो, सदनिकाही तिथे आल्या. उत्तरेला स्टॅनली डॉकवरचे तंबाखूचे गोदाम हे दुसरे उदाहरण. १९०१ साली पूर्ण झालेल्या या इमारतीत दोन कोटी सत्तर लाख विटा आहेत, असे सांगतात. तिच्याभोवतीची गोदी अनेक वर्षे उजाड होती. त्या परिसरात नंतर हॉटेल आले आणि खुद्द तंबाखूच्या गोदामात घरे झाली. थोडक्यात, घरे आणि वारसा यांचे वैर नाही. गोदामाच्या उंचीत, गोदामाच्या भिंतींत घरे बसू शकतात. मात्र ती नऊ हजार बसत नाहीत आणि जमिनीचा भाव नऊ हजारांच्या हिशेबाने ठरला की नऊशेंचा विचार कोणालाच परवडत नाही.

हरकतदारांचीही एक उणीव येथे मान्य करायला हवी. काय नको, हे त्यांनी अचूक सांगितले. त्या साठ हेक्टरांचे काय करावे, पैसा कोठून यावा, याचे तितकेच ठोस उत्तर ना इंग्लिश हेरिटेजकडे होते ना युनेस्कोकडे. पडीक गोदीत वाढलेल्या गवताकडे बोट दाखवून ‘हा वारसा आहे’ असे म्हणणाऱ्याला त्या गवताच्या पलीकडे राहणाऱ्या बेकार माणसाला पटेल असे काही सांगता आले पाहिजे.

भरून टाकलेली गोदी

शेवटचा घाव मात्र घरांनी घातला नाही. एव्हर्टन या फुटबॉल क्लबला नवे स्टेडियम हवे होते आणि त्याने जागा निवडली ब्रॅम्ली-मूर डॉक, म्हणजे १८४८ सालची हार्टलीची गोदी. स्टेडियम बांधायचे तर गोदीतील पाणी काढून ती वाळूने भरणे आले. हिस्टॉरिक इंग्लंडने यालाही हरकत घेतली. ही हानी गंभीर स्वरूपाची आहे आणि मंत्र्यांनी प्रकरण आपल्याकडे घ्यावे, असे तिचे म्हणणे होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये नगर परिषदेने मंजुरी दिली, मार्चमध्ये सरकारने हस्तक्षेप नाकारला आणि जुलैमध्ये युनेस्कोने मतदान घेतले. २०२५च्या ऑगस्टमध्ये त्या स्टेडियमवर लीगचा पहिला सामना झाला. शहराचा हा उत्तर भाग पिढ्यान् पिढ्या दुर्लक्षित होता. तिथे आता सामन्याच्या दिवशी पन्नास हजारांवर माणसे येतात, हेही खरे.

नाव गेल्याने इमारतींचे संरक्षण गेले, असे मात्र नाही. अल्बर्ट डॉक आणि रॉयल लिव्हर बिल्डिंग आजही इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत आहेत, त्यांची वीटही परवानगीवाचून हलवता येत नाही. इमारती शाबूत आहेत. त्यांना एकत्र बांधणारा जो अर्थ होता, तो जगाच्या यादीने काढून घेतला आहे.

आणि पूर्व किनारा

मुंबईच्या वारसा-समूहाचा गाभा ६६ हेक्टरांचा आणि बफर क्षेत्र सुमारे ३७९ हेक्टरांचे आहे. केंद्राच्या पुरातत्त्व कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटरांत नियंत्रित आहे. पण हा अंतराचा नियम ओव्हल मैदानाभोवतीच्या बहुतेक इमारतींना लागू होत नाही, कारण त्या केंद्र-संरक्षित स्मारके नाहीत, वापरातल्या कचेऱ्या, न्यायालये आणि राहती घरे आहेत. त्यांचा आधार शहराची नियमावली : देशात प्रथमच १९९५ साली लागू झालेले वारसा नियम आणि आता २०३४च्या विकास नियंत्रण नियमावलीतील त्यांचे रूप. तिथेही वारसा संवर्धन समितीचा सल्ला आणि पालिका आयुक्तांचा निर्णय, अशीच रचना आहे. लिव्हरपूलचा तराजू इथेही आहे, फक्त पारड्यांची नावे वेगळी.

लिव्हरपूलशी खरे साम्य मात्र ओव्हलपाशी नाही, पूर्व किनाऱ्यावर आहे. ससून डॉक १८७५ सालचा, प्रिन्सेस डॉक १८८०चा, त्यानंतरचा व्हिक्टोरिया डॉक, आणि १९१४चा अलेक्झांड्रा, म्हणजे आताचा इंदिरा डॉक. कापसाच्या गासड्यांचे दुसरे टोक हेच. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन गोद्या कंटेनरच्या जागेसाठी भरावाखाली गेल्या. त्या कोणत्याही जागतिक यादीत नव्हत्या, त्यामुळे कोठे मतदानही झाले नाही. बंदराच्या अखत्यारीतील सुमारे ९६६ हेक्टर जमिनीच्या नियोजनासाठी तत्कालीन पोर्ट ट्रस्टला २०१८ साली विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला आणि त्या वर्षाच्या अखेरीस आराखड्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला झाला.

मसुद्याच्या पायरीवरची हरकत किती वजनदार ठरू शकते, हे या शहराने त्याआधी एकदा पाहिले आहे. २०१५ साली मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात चुकांचा सुळसुळाट होता. वारसा वास्तूंच्या नोंदीही त्यातून सुटल्या नव्हत्या. सुमारे ६५ हजार हरकती आणि सूचना आल्या. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने तो मसुदा रद्द करून नव्याने तयार करण्याचा आदेश दिला. त्या हरकती तज्ज्ञ परिषदांनी पाठवलेल्या नव्हत्या. बहुतेक एका पानाच्या होत्या : आमच्या गल्लीत रस्ता दाखवला आहे तिथे देऊळ आहे, उद्यान दाखवले आहे तिथे चाळ आहे. मंजुरीचा शिक्का तोवर कशावरच बसलेला नव्हता.